तळघराला सहाची वायर!

आपल्या फ्लॅटवाल्यांसाठी डीबी म्हणजे दारामागचा पांढरा डबा. आमच्या शहागडच्या घरात मात्र तळघरासाठी वेगळा डीबी बसवायचाय. तिथे दादाचं वर्क फ्रॉम होम, म्हणजे दीड टनाचा एसी. शिवाय आईची घरघंटी आणि गरम पाण्याचं वॉशिंग मशीन. सगळं एकदम चाललं की साधारण 25 अँपिअर.

वायरमनकाका म्हणाले, "अडीचची टाकू ताई, चालून जातं." चालतं हो! पण मीटरपासून 30 मीटर अंतर. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्यात तेवढ्या वाटेत 12 व्होल्ट गळतात, सहाच्या वायरीत पाचच. संध्याकाळी आमचं व्होल्टेज आधीच मान टाकतं.

त्याहून मोठी भानगड एमसीबीची. तो वायरीला वाचवतो, एसीला नाही. अडीचवर 32 चा लावला, तर भिंतीतली वायर तापत राहणार आणि हा ढिम्म! सहावर तो शोभतो.

बाबा भाव ऐकून गप्प झाले. मी म्हटलं, पुन्हा भिंत फोडायची मजुरी धरा की.

आणि गोदाकाठची ओल? त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, सोबत अर्थची वेगळी हिरवी वायर. तळघराच्या डीबीत ती न्यूट्रलला जोडायची नाही, काकांना दोनदा सांगितलंय.