बाइक शर्यतीत पडलं तर खर्च कोणाच्या डोक्यावर?

६ जानेवारी २०२१. सौदी अरेबियातल्या डकार रॅलीच्या चौथ्या टप्प्यात बंगळुरूचा सी. एस. संतोष बाइकवरून पडला. डोक्याला मार लागला, उजवा खांदा निखळला. हेलिकॉप्टरने त्याला रियाधच्या दवाखान्यात नेलं. तो वाचला. तिथं डॉक्टर अन् हेलिकॉप्टरची सोय आधीच होती.

आपल्याकडं मानोरा, मालेगावच्या माळरानावर अशी राइड निघाली तर? पोट्ट्यांनो, फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा.

पहिली, रुग्णवाहिका जागेवर उभी राहणार का? १०८ लावली तरी पांदण रस्त्यानं यायला वेळ लागतोच.

दुसरी, वेगळा विमा काढला का? गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत बसत नाही. केंद्राची २०२५ ची दीड लाखापर्यंतच्या मोफत उपचाराची योजनाही रस्ते अपघातासाठी आहे, माळावरच्या शर्यतीसाठी नाही. मग वावर गहाण टाकायची पाळी बापावर येते.

तिसरी, परवानगी आहे का? सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अन् कोणी पडलाच, तर ओढून उचलू नका. मान हलू देऊ नका, आधी १०८ लावा.