विश्लेषण : चांदबागेचे दार कोणासाठी?

डेहराडूनची दून स्कूल म्हटले की राजीव गांधी, विक्रम सेठ, अमिताव घोष ही नावे आठवतात. शाळा काढण्यामागचा हेतू मात्र क्वचितच आठवला जातो.

स्थापना कशासाठी?
इंग्लंडमधल्यासारखी निवासी शाळा भारतात असावी आणि तिथे जात-धर्म न पाहता प्रवेश मिळावा, ही कल्पना कोलकात्याचे वकील सतीश रंजन दास यांची. अजमेरच्या मेयो कॉलेजसारख्या संस्था राजपुत्रांसाठी होत्या. ही तशी नसणार होती. 1928 मध्ये दास यांचे निधन झाले. शाळा 1935 मध्ये सुरू झाली. पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट ईटनहून आले.

परिसर कसा आहे?
सुमारे 70 एकरांची चांदबाग पूर्वी वन संशोधन संस्थेकडे होती. त्यामुळे जुन्या वृक्षांचा वारसा शाळेला आयताच मिळाला.

मग प्रश्न कोणता?
जातीची भिंत पाडायला निघालेल्या शाळेभोवती शुल्काची भिंत उभी राहिली. शिक्षणहक्क कायद्यातील 25 टक्के राखीव जागा पहिली किंवा पूर्वप्राथमिकच्या प्रवेशासाठी असतात. दूनमध्ये प्रवेश सातवीपासून मिळतो. म्हणजे दार उघडण्याचा मार्ग उरतो तो शिष्यवृत्तीचाच. शाळा ती देते, पण किती द्यायची हे तीच ठरवते. म्हणून अशा शाळांचे मोठेपण नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या यादीवरून नव्हे, तर पूर्ण शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलांच्या संख्येवरून मोजायला हवे. दास यांच्या कल्पनेशी इमान राखायचे तर मोजपट्टी हीच.