पाळणे की बांधणे?

द्वितीय वर्ष, कला शाखा

'पाळणे' हे मराठीतले मोठे अर्थपूर्ण क्रियापद आहे. आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, व्रत पाळतो आणि कुत्राही पाळतो. पहिल्या तिन्ही ठिकाणी माणूस स्वतःला बांधून घेतो. चौथ्या ठिकाणी मात्र तो स्वतः मोकळा राहतो आणि कुत्र्याला बांधतो! मला वाटते, आपल्यापैकी पुष्कळजण कुत्रा ठेवतात, पाळणारे थोडेच.

आमची दिघी मूळची शेतकऱ्यांची वस्ती. १९९७ साली ती पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. भोसरीच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्या माणसांना डोक्यावर छप्पर हवे होते. गुंठ्या-अर्ध्या गुंठ्यावर घरे उभी राहिली. अंगण गेले, गोठा गेला, खळे गेले. कुत्रा तेवढा राहिला. खळ्यावर राखण करीत मोकळा फिरणारा हा प्राणी आता जिन्याखाली दोन हात साखळीला अडकला आहे. चोर येऊ नये एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आणि शिळी भाकरी एवढाच त्याचा पगार!

सरत्या थंडीत या साखळीचा अर्थ नीट कळतो. माघ-फाल्गुनात आमच्याकडे पहाटे पारा १२-१३ अंशांवर असतो आणि दुपारी तो तिशी ओलांडतो. आमचा मोती गावठी आहे. त्याला हवामानखाते लागत नाही. पहाटे तो नाक शेपटीत खुपसून गोणपाटावर वेटोळे करतो. ऊन आले की भिंतीशी जाऊन अंग शेकतो. अकराच्या सुमारास उंबऱ्याच्या सावलीला येतो आणि दुपारी पाण्याच्या टाकीखालच्या ओल्या जागेत पोट टेकून पडतो. संध्याकाळी पुन्हा गोणपाट. आमच्या दारापुढची फरशी जेमतेम दहा बाय बारा फूट. तेवढ्यात तो ऋतूशी जमवून घेतो. साखळीतल्या कुत्र्याने काय करावे? सकाळी आठला सुखाचे वाटणारे ऊन दुपारी एकला त्याच जागी भाजू लागते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. सावली चार हातांवर असते आणि साखळी दोन हातांची! पाण्याचे भांडे उलटले तर संध्याकाळी कोणी घरी येईपर्यंत घसा कोरडाच. पुढे तो भुंकत सुटला की आपणच म्हणतो, "फार चिडका आहे बुवा!"

हा केवळ दयेचा प्रश्न नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे हा गुन्हा ठरविला आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणाऱ्या मालकाचाही तिथे वेगळा उल्लेख आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! दंड एवढा किरकोळ असल्यावर कायद्याची आठवण कोणाला राहणार?

कोणी म्हणेल, "मग काय कुत्री मोकाट सोडायची?" मुळीच नाही. चावऱ्या कुत्र्याचे भय खरे आहे, पिसाळण्याचे तर त्याहून खरे. दरवर्षी लस टोचून घेणे हे मालकाचे पहिले कर्तव्य. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील मोकाट कुत्री निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात तो बदलला. नसबंदी व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली व आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे ठरले. देशभर वाद झाला, आमच्या कॅन्टीनमध्येही झाला. पण दाराशी बांधलेल्या कुत्र्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. खोली बदलताना मागे सोडून दिलेला कुत्राच उद्या रस्त्यावरचा होतो, हे आपण केव्हा ध्यानात घेणार?

दुसरा आक्षेप वेळेचा. माझे वडील कारखान्यात तिन्ही पाळ्या करतात, आई चार घरची कामे करते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तरीही मोतीला पहाटे अर्धा तास पट्टा लावून मी फिरवतो आणि रात्री वडील किंवा धाकटी बहीण. आई म्हणते, "एवढं शिकवलं ते कुत्र्यामागं पळायला होय रे?" पण मी घरी नसलो की त्याचे पाणी तीच दोनदा बदलते. पैसा लागतो तो लशीला. बाकी सारा हिशेब वेळेचा आहे. ज्याच्याकडे तेवढाही वेळ नसेल त्याने कुत्रा आणू नये. त्यात कमीपणा कसला?

दिघीच्या दत्तगडावर गुरुवारी आपण हात जोडतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि त्यांना चार वेद मानण्याची आपली परंपरा आहे. त्यांतल्या एकाच्या तरी गळ्यात कोणी साखळी पाहिली आहे काय? तसबिरीतल्या कुत्र्याला वेद म्हणायचे आणि जिन्याखालच्या कुत्र्याला उन्हात विसरायचे, ही भक्ती मला उमगत नाही.

मित्रहो, आता उन्हे वाढत जातील. तुमच्या दारी कुत्रा असेल तर निदान साखळी सावलीपर्यंत पोहोचते का, एवढे आज मोजून पाहा. ती पोहोचत नसेल तर लांब करा; आणि जमल्यास साखळीचे दुसरे टोक खुंटीवरून काढून थोडा वेळ स्वतःच्या हातात घ्या. पाळणे तिथून सुरू होते.