सह्या झाल्या, विश्वास कोठे?

भेटी न स्वीकारण्याची करारपत्रे १७६५च्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्ता कौन्सिलकडे पोहोचली होती. तरी फेब्रुवारीत बंगालच्या नव्या नवाबाकडून सदस्यांनी भेटी घेतल्याच. मे महिन्यात आलेल्या क्लाइव्हने सह्या घेतल्या. पण प्लासीनंतर स्वतःच गडगंज झालेल्या माणसाचा धाक कोण बाळगणार? खासगी व्यापारही चालूच राहिला. १७८६ साली आलेल्या कॉर्नवॉलिसने मात्र कलेक्टरांचे वेतन वाढवून तो बंद केला. कंपनीच्या शुद्धीकरणाची कथा सहसा येथे संपवतात. ते अर्धसत्य आहे. लूट गोऱ्या अधिकाऱ्यांनी केली होती, पण भ्रष्टतेचा ठपका हिंदी लोकांवर ठेवून कॉर्नवॉलिसने त्यांना वरिष्ठ पदांपासून दूर ठेवले. १७९३च्या सनदी कायद्याने ती पदे कंपनीच्या करारबद्ध नोकरांसाठीच राखली.