लोकनेत्याचे ‘लोक’ कोण?

थोर माणसाचा निकाल लावण्याचे दोन सोपे मार्ग आपल्याकडे रूढ आहेत. एक, त्याचे नाव कमानीवर चढवावे. दुसरा, त्याच्या अनुयायाच्या दारची मोटार दाखवून त्याला बोल लावावा. दि. बा. पाटील यांच्या वाट्याला दोन्ही आले. रबाळ्यात राहून मी दोन्ही ऐकतो, आणि मला दोन्ही मान्य नाहीत.

प्रथम निंदकांचे पाहू. ते म्हणतात, दिबांनी गाववाल्यांना आयते खावयास शिकविले; भूखंड मिळाले, ते विकले, पैसा उडाला. या सज्जनांनी निदान सनावळी तरी पाहावी. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला मालकीचा हक्क दिला. आणि १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरणमधील ९५ गावांच्या जमिनीवर नव्या शहराची रेघ ओढली गेली. कुळाला मालक होऊन तेरा वर्षेही पुरती लोटली नव्हती! १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरणच्या मातीत पोलिसांच्या गोळीबारात पाच जण पडले, त्यांनी मागितली ती भीक नव्हती. १९९० साली साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ज्याच्या जमिनीवर शहर उभे राहते, त्याचा त्या शहराच्या भरभराटीत वाटा आहे, हे तत्त्व तिने सरकारकडून वदवून घेतले. वाट्याला आयता पैसा कोण म्हणतो? गिरणीमालकाने गिरणीची जमीन विकली तर तो व्यवहार, आणि आगऱ्याने भूखंड विकला तर ती उधळपट्टी! हा न्याय कोणत्या शाळेत शिकवितात?

आता स्तुतिपाठकांकडे वळतो. विमानतळाला दिबांचे नाव हवे म्हणून २०२१ साली हजारो माणसे रस्त्यावर उतरली. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने ते नाव देण्याचे ठरविले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्‌घाटन झाले. नाव द्यावेच, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु नावाने हिशेब मिटतो काय?

अमेरिकेचे एक अध्यक्ष होते, अँड्र्यू जॅक्सन. १८२९ ते १८३७ हा त्यांचा काळ. गरिबीतून वर आलेला, सामान्य माणसाचा कैवारी, धनिकांच्या बँकेशी झुंजणारा. त्याच पुरुषाने १८३० साली मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हुसकण्याच्या कायद्यावर सही केली, आणि पुढे चेरोकी लोकांतील हजारो जीव त्या वाटेवर गेले. त्यांचे चित्र वीस डॉलरच्या नोटेवर आले, पण त्यामुळे तो प्रश्न पुसला गेला नाही. दिबा नेमके उलट बाजूचे; हुसकले जाणाऱ्यांचे. म्हणूनच तो प्रश्न त्यांच्याबाबतीत विचारण्याची भीती आपल्याला नसावी: या लोकनेत्याच्या ‘लोकां’त कोण कोण होते?

साडेबारा टक्क्यांचे माप सातबाऱ्याचे. खाडीला सातबारा नसतो. भरती-ओहोटीवर पोट असलेला कोळी, दुसऱ्याच्या शेतात लावणी करणारी बाई, मिठागरात राबणारा मजूर यांचेही जिणे त्याच शहराने गिळले. पण खातेदाराच्या मापाने त्यांना मोजले गेले नाही. हा दोष एकट्या दिबांचा नव्हे. सरकारने भरपाईची भाषाच जमिनीची ठेवली होती, आणि पुढाऱ्याला हाती येईल त्या कायद्यानेच लढावे लागते. पण दोष कोणाचा हे ठरले म्हणून उणीव भरून निघत नाही.

खोताच्या वहीत ज्याचे नाव नव्हते, त्याच्यासाठी चरीचा लढा झाला. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याच्यासाठी आज कोण उभा आहे? जो उभा राहील तो दिबांचा वारस. बाकीच्यांनी खुशाल फलक रंगवावेत.