पात्याचे पाणी

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एक तरुण स्वयंपाकी आमच्या ऐरोलीच्या कार्यालयात आला. बाहेर पाऊस कोसळत होता. स्टेशनपासून चालत आलेला मुलगा नखशिखान्त भिजला होता, पण छातीशी धरलेले पुडके त्याने कोरडे ठेवले होते. इथल्याच एका आयटी पार्कच्या उपाहारगृहात तो भाजी-मासळीच्या विभागात काम करतो. पुडक्यात सुरी होती. जपानमधल्या सकाई शहरातला ग्युतो, म्हणजे स्वयंपाक्याची लांब सुरी, शिरोगामी पोलादाचा, अष्टकोनी लाकडी मुठीचा. दोन पगारांतून वाचवलेले पैसे घालून त्याने ती वापरलेली विकत घेतली होती, आणि ती जाहिरात आपल्याच मासिकात छापली होती.

तक्रार करायला तो आला नव्हता. आपला हातच वाईट आहे, अशी त्याची समजूत झाली होती. रोज रात्री निसण्यावर अर्धा तास घालवायचा, आधी हजारचा दगड, मग तीन हजारचा. सकाळी टोमॅटोची साल अलगद सुटायची, दुपारपर्यंत पुढच्या भागाखाली कांदा कापला जाण्याऐवजी दबायचा. टाचेकडची धार मात्र तशीच असायची.

मी आधी पट्टी लावली. जाहिरातीत 240 मिलिमीटर, पट्टीवर 231. मग बारीक कानस घेतली. टाचेजवळ ती काचेवरून सरकावी तशी घसरली, टोकाजवळ तिने पोलाद चावले. कधीतरी या सुरीचे टोक मोडले होते, कोणीतरी ते कोरड्या ग्राइंडरवर नवीन काढले होते, आणि त्या उष्णतेत पुढच्या भागातल्या पोलादाचे पाणी उतरले होते. मुलाचा हात उत्तम होता.

पोलादाला पाणी देणे आणि त्याचे पाणी उतरणे हे आपल्या भाषेतले शब्द लोहाराच्या भट्टीतूनच आलेले आहेत, म्हणून हा दोष मराठी माणसाला समजावून सांगायला सोपा जावा. शिरोगामी म्हणजे पांढरा कागद. जपानमधल्या यासुगीच्या कारखान्यात पोलादाच्या प्रती ओळखण्यासाठी ज्या रंगाचा कागद लावत, त्यावरून पांढरे आणि निळे ही नावे पडली. पांढऱ्यात लोह आणि कार्बन सोडले तर फारसे काही नाही. कार्बन एक टक्क्याच्या थोडा वर. निळ्यात, म्हणजे आओगामीत, टंगस्टन आणि क्रोमियमची भर असते. हे पोलाद लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले की कमालीचे कठीण आणि तितकेच ठिसूळ होते. मग ते पुन्हा दीडशे ते दोनशे अंशांपर्यंत हलके तापवतात, म्हणजे ठिसूळपणा कमी होतो आणि रॉकवेल मापावर साठच्या वरची कठीणता शिल्लक राहते. जर्मन सुऱ्या साधारण पंचावन्न ते अठ्ठावन्नच्या आसपास असतात. जपानी पात्याची जास्तीची किंमत आपण मोजतो ती बरीचशी या काही अंकांसाठी. कोरड्या ग्राइंडरवर कागदाइतकी पातळ धार क्षणात तीनशे अंशांच्या घरात जाते, पोलादावर निळी झाक येते आणि ते अंक गेलेले असतात. सकाईचे धार लावणारे कारागीर फिरत्या चाकावर पाणी सोडून काम करतात, त्याचे कारण हेच.

निळी झाक दिसली असती तर मुलाने सुरी घेतलीच नसती. पण ती झाक केवळ पृष्ठभागावर असते. बारीक पॉलिश पेपरने ती दोन मिनिटांत निघते आणि खालचा मऊपणा तसाच राहतो. त्यातून कार्बनच्या पात्यावर मांस-मासळी कापून कापून एक निळसर जांभळी साय चढतेच, आणि ती तर आपण कौतुकाने जपतो. जळल्याचा निळा आणि वापराचा निळा फोटोत वेगळे ओळखता येत नाहीत. प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाही पुष्कळदा येत नाहीत.

विकणाऱ्याला मी त्याच दिवशी फोन केला. तो आपला जुना वाचक. त्याने फसवले नव्हते. त्याने ती दुसऱ्याकडून घेतली होती, दोन वर्षे जपून वापरली, तेल लावून ठेवली. टोक कधी मोडले हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्याने विचारलेही नव्हते. लांबीचा आकडा आधीच्या मालकाने सांगितला तो त्याने आपल्याला कळवला, आम्ही तो तसाच छापला. त्याने पैसे परत केले. आमची चूक मात्र पैशांनी भरून निघणारी नाही, म्हणून हा अग्रलेख.

खरे सांगायचे तर दहा वर्षांपूर्वी मी स्वतः एक देबा, म्हणजे मासळीची जाड सुरी, विकली होती, धारेला पडलेले दोन दाते घासून काढल्याचे न सांगता. काम दगडावर, पाण्याखाली, नीट झाले होते, तेव्हा सांगण्यासारखे काही नाही असे मला वाटले. पण त्या घासण्यात पात्याची उंची गेली होती आणि मी भाव मात्र पूर्ण उंचीचा घेतला होता. आज मला ते चुकीचे वाटते. वापरलेली सुरी विकताना आपण उरलेले पोलाद विकत असतो. टाचेपाशी पाठीपासून धारेपर्यंत किती मिलिमीटर उरले, हा आकडा मला नावापेक्षा आणि पात्यावरच्या लाटांच्या नक्षीपेक्षा मोलाचा वाटतो. नवीन असताना पन्नास असलेली उंची चव्वेचाळीसवर आली असेल, आणि वरचा भाग त्या मानाने पातळ केलेला नसेल, तर ते पाते गाजरात पाचरीसारखे अडकणार. धार कितीही लावा.

एकधारी सुऱ्यांचे, म्हणजे यानागिबा आणि देबा यांचे, पाणी जोखायचे ते मागच्या बाजूने. तिथे उथळ खोलगट असते, त्याला उरा म्हणतात. दर वेळी ही बाजू दगडावर सपाट टेकवून धारेला आलेली बर काढली की कडेची सपाट पट्टी किंचित रुंद होते. पट्टी केसाएवढी असेल तर सुरी जाणत्या हातात राहिलेली आहे. ती बोटभर रुंद झाली असेल, खोलगट जवळजवळ संपले असेल, तर ते खोलगट पुन्हा काढणे घरच्या दगडावर होत नाही. म्हणून मागच्या बाजूचा फोटो नसेल तर एकधारी सुरी घेऊ नका. डावखुऱ्यांसाठी धार उलट बाजूला लागते, हेही विकणारे लिहायला विसरतात.

नावाबद्दलही सबुरी हवी. सकाईत घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, आणि पात्यावर कोरलेले नाव पुष्कळदा या तिघांपैकी कोणाचेच नसते, ते घाऊक व्यापाऱ्याचे असते. तेव्हा अमुक उस्तादाने घडवलेली, असे सांगून भाव चढवणाऱ्याला एकदा विचारा, हे कशावरून? जपानी अक्षरे आणि लेझरने उमटवलेल्या लाटा असलेली पाती जपानबाहेर ढिगाने बनतात. ती वाईटच असतात असे नाही, पण ती सकाईच्या भावाने विकणे लबाडी आहे.

दाते का पडतात, हे आपल्या माशांकडे पाहून सांगावेसे वाटते. इथल्या दिवा कोळीवाड्यातली बाई जिताड्याचे डोके फोडते ते जाड पाठीच्या कोयत्याने, आणि तिचे बरोबर आहे. तेच काम साठ अंकांच्या ग्युतोने करायला गेलात, चिंबोरीचा नांगा फोडलात, बर्फ न सुटलेल्या सुरमईच्या मणक्यावर जोर दिलात, की कपची उडालीच. असे काम झाले असेल तर विकताना तेही सांगावे. खाडीकाठच्या हवेत पांढरे पोलाद ओट्यावर विसरले तर पावसाळ्यात जेवण होईपर्यंत गंजाचे ठिपके धरते. वरवरचा गंज दोष नाही, मुठीत शिरलेला गंज दोष आहे. मूठ हलते का, हे बोटाने दाबून पाहा.

कायद्याविषयी वाचक सारखे विचारतात, म्हणून थोडक्यात. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाती येतात, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. 240 चा ग्युतो नऊ इंचांच्या थोडा वर जातो, तरी तो स्वयंपाकघराचे हत्यार आहे. लोकलमधून नेताना मात्र तो म्यानात आणि पेटीत असू द्या, सोबत पावती किंवा विक्रीची चिठ्ठी ठेवा. विमानात हातातल्या सामानात सुरी चालत नाही.

पुढच्या अंकापासून ‘देणे-घेणे’ सदरात पट्टीवर मोजलेली लांबी, टाचेची उंची आणि ग्रॅममधले वजन यांशिवाय जाहिरात छापली जाणार नाही. पाठीचा आणि मागच्या बाजूचा फोटो लागेल. टोक, दाते, पातळ करणे, मूठ बदलणे, यांतले काय झाले, कोणी केले, पाण्यावर की कोरडे, हे एका वाक्यात लिहावे लागेल. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असे लिहावे. तेही आम्ही छापू, आणि घेणारा त्यानुसार भाव ठरवील. कोणाला कानस लावून पाहायची असेल तर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कार्यालयात या. ओरखडा न दिसेल असाच पडेल.

त्या मुलाने सुरी परत केली नाही. पैसे मिळाल्यावरही विकणाऱ्याशी बोलून त्याने ती अर्ध्या भावात ठेवून घेतली. जळलेला भाग सहसा धारेलगत असतो, तो घासून मागे गेले की कठीण पोलाद पुन्हा लागते, असे मी त्याला सांगितले होते. आता तो दर शनिवारी येतो. 220 च्या दगडावर, बादलीतले पाणी ओतत, टोक हळूहळू मागे घेतो. पट्टीवर आज 228 आले. कानस अजून थोडी चावते.