रकाना रिकामा राहू द्या

मुलांना गोष्ट लिहायला शिकवताना ‘नायकाचा प्रवास’ हा आराखडा त्यांच्यापुढे ठेवावा का, असा विषय निघाला की शिक्षकांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ठेवाच. बारा रकान्यांचा तक्ता छापून द्या, मुलं भरतील, गोष्ट तयार. दुसरा म्हणतो, नावही काढू नका. असल्या तक्त्यांनीच पोरांची कल्पनाशक्ती मारली जाते. माझं भांडण दोघांशीही आहे. पण आधी दुसऱ्यांशी, कारण त्यांच्यात माझे बरेच मित्र आहेत आणि त्यांचे आक्षेप विचार करून घेतलेले असतात.

आराखडा थोडक्यात असा. जोसेफ कॅम्बेल या अमेरिकी प्राध्यापकाचं ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ १९४९ साली आलं. जगभरच्या पुराणकथांचा सांगाडा एकच, असं त्याचं म्हणणं: नायक ओळखीचं जग सोडतो, अनोळखी जगात कसाला लागतो आणि काहीतरी कमावून परततो. या तीन भागांचे त्यानं सतरा टप्पे पाडले. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) करणाऱ्या जॉर्ज ल्यूकसनं त्याचं ऋण जाहीरपणे मान्य केलं आणि पुस्तक विद्यापीठाबाहेर पडलं. पुढे १९८०च्या दशकात डिस्नेमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्तोफर व्होगलरनं त्याचं सात पानी टिपण केलं. त्यातून १९९२ साली ‘द रायटर्स जर्नी’ हे पुस्तक झालं आणि सतराचे बारा टप्पे उरले. आज वर्गांतून फिरणारा गोल तक्ता बहुतेक वेळा या व्होगलरचाच असतो. स्टुडिओतल्या मंडळींना पटकथा झटपट पारखता याव्यात म्हणून केलेली ती सोय होती, एवढं ध्यानात असू द्या.

आता आक्षेप. सगळ्यांत जोरात मांडला जातो तो साचेबंदपणाचा. मुलांना साचा दिला की सगळ्या गोष्टी एकसारख्या येणार, म्हणे. मला साचा नसलेलं चौदा वर्षांचं मूल दाखवा. ‘बाहुबली’ पाहिलेलं, नारुतोचे भागच्या भाग संपवलेलं, मोबाइलवर एकेक लेव्हल पार करत शेवटच्या राक्षसापर्यंत पोचलेलं हे मूल आहे. त्याला कोरा कागद देऊन ‘मोकळेपणानं लिही’ म्हणा आणि काय उतरतं ते बघा. नववीतल्या एकाच्या वहीतला आर्यन मेहकरजवळच्या खेड्यात राहतो आणि गावाबाहेर धगधगता ज्वालामुखी आहे. ज्वालामुखी कशाला रे? ‘सर, क्लायमॅक्सला लागतो.’ लोणारचं विवर तिथून फार लांब नाही. पण ते याला सुचलं नाही, कारण यानं पाहिलेल्या कुठल्या सिनेमात ते आलेलं नाही. आर्यनला शक्ती मिळते, त्याचे गुरू मरतात, खलनायक ज्वालामुखीत पडतो, समाप्त. या मुलाला नायकाच्या प्रवासाचा एक टप्पा कुणी शिकवलेला नव्हता. साचा न शिकवताच त्याच्या घशाखाली उतरला होता, आणि ज्याला साचा दिसतच नाही तो त्यातून बाहेर कसा पडणार?

शिवाय साच्याबद्दल आपण एवढे सोवळे कधीपासून झालो? ‘शेतकरी – चार मुलगे – सतत भांडणं – काठ्यांची मोळी’ असे मुद्दे देऊन गोष्ट लिहून घेणारे, वर शीर्षक आणि खाली तात्पर्य मागणारे आपणच ना? तात्पर्याच्या रकान्यानं मराठी मुलांच्या गोष्टींचं जेवढं नुकसान केलं तेवढं व्होगलरच्या बाराही रकान्यांना मिळून जमायचं नाही.

आराखडा परका आहे, हा आक्षेप मला फार वेळ घेण्याजोगा वाटत नाही. कॅम्बेलनं ‘परतायला नकार’ हा टप्पा समजावताना जी कथा घेतली आहे ती मुचकुंदाची, आपल्या भागवतातली. देवांसाठी लढून थकलेला राजा वर काय मागतो, तर झोप. आणि जो उठवेल तो भस्म व्हावा. युगं लोटतात. कृष्णामागे धावत गुहेत शिरलेला कालयवन त्याला लाथ मारून उठवतो आणि जळून जातो. मुचकुंद बाहेर येऊन बघतो तर माणसं पूर्वीच्या मानानं ठेंगणी झालेली. हे आपलं जग नव्हे, असं ओळखून तो तपाला निघून जातो. अमेरिकेतल्या पुस्तकातून ही गोष्ट नववीच्या वर्गात परत आली तर तिला परकी म्हणायचं? उलट, पोरं या गोष्टीवर तुटून पडतात. जगाला वाचवलेला माणूस जागा होतो आणि जगात त्याला जागाच नसते, हे त्यांना आर्यनच्या ज्वालामुखीपेक्षा कितीतरी भयंकर वाटतं.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो खरा आहे. व्लादिमीर प्रॉपनं १९२८ साली रशियन अद्भुतकथांचा एक नेमका संग्रह घेतला, शंभर कथा, आणि त्यातून एकतीस घटक काढले. आपण कशावर काम केलं आणि कशावर नाही, हे त्यानं स्वच्छ सांगितलं. कॅम्बेल मात्र सोयीच्या कथा सोयीच्या ठिकाणी उचलतो. न बसणाऱ्या कथांचं काय, हे विचारत नाही. म्हणून लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी त्याला फारसं जवळ केलं नाही. ‘जगातल्या सगळ्या कथा एकच’ हा सिद्धांत म्हणून शिकवायचा असेल तर माझाही विरोध आहे. पण वर्गात सिद्धांत कुठे हवाय? शिंप्याकडे आपण मापाचा जुना ब्लाऊज देतो तो ‘इथे सैल होतो, इथे काखेत आवळतो’ हे सांगता यावं म्हणून. आराखड्याचं काम तेवढंच. गोष्ट कुठे सैल आहे, कुठे आवळते, कुठे बसतच नाही, हे बोट ठेवून दाखवता यायला हवं.

आणि चौथा आक्षेप: ही पुरुषाची यात्रा आहे. बाई त्यात देवी म्हणून भेटते, नाहीतर मोह म्हणून. मोरीन मर्डॉक या बाईंनी खुद्द कॅम्बेलला याबद्दल विचारलं, तेव्हा बाईला प्रवासाची गरजच नाही, सगळे जिथे पोचायला धडपडतात ते ठिकाण म्हणजे तीच, अशा अर्थाचं उत्तर त्यांना मिळालं. मर्डॉकबाईंनी मग १९९० साली ‘द हीरोइन्स जर्नी’ हा वेगळा आराखडाच लिहून काढला. कॅम्बेलचं उत्तर हास्यास्पद होतं, यात वाद नाही. माझे मित्र मात्र इथून एकदम ‘म्हणून शिकवू नका’वर उडी मारतात, आणि तिथे मी त्यांना अडवतो. हा आराखडा बाईच्या गोष्टीवर कुठे फाटतो हे मुलामुलींना स्वतः बघू दे की! त्यासाठी आनंदीबाई जोशींसारखी दुसरी गोष्ट नाही.

वर्गात ती अशी उलगडत जाते. कल्याणची यमू, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, जन्म १८६५. नवव्या वर्षी लग्न. नवरा, गोपाळराव, वीसेक वर्षांनी मोठा, टपालखात्यात. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. इथे वर्ग शांत होतो, कारण चौदा हे त्यांचंच वय. आता तक्त्यातला ‘हाक’ हा रकाना. हाक कुणाला आली? बायकोच्या शिक्षणासाठी पत्र लिहिलं गोपाळरावांनी, अमेरिकी मिशनऱ्यांना. ते तिथल्या नियतकालिकात छापलं गेलं आणि न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं. कुठे, तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या असताना. त्यांनी लिहिलं. म्हणजे हाक मारली एकानं, ऐकली तिसरीनंच, आणि जायचं दुसरीनं. मुलं पहिल्यांदा तक्त्याकडे संशयानं बघायला लागतात.

‘नकार’ हा पुढचा टप्पा. तक्त्यात नकार नायकाच्या मनातला असतो: तो घाबरतो, मागे सरतो. आनंदीबाईंच्या बाबतीत नकार देणारे सगळे बाहेर उभे होते. फेब्रुवारी १८८३मध्ये बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. अमेरिकेलाच का, इथे शिकायची सोय नाही का, एकटी का, परतल्यावर जातीबाहेर टाकलं तर काय, असे लोकांचे प्रश्न स्वतःच मांडून त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. खंडनमंडन कसं करावं याचा हा वस्तुपाठ आहे आणि तो जेमतेम अठरा वर्षांच्या मुलीचा आहे. महिन्या-दीड महिन्यात त्या नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीत बसल्या.

सगळ्यांत मोठी चकमक झडते ती ‘गुरू’ या रकान्यावर. तिथे गोपाळरावांचं नाव लिहायचं ना? शिकवलं त्यांनी, हट्ट धरला त्यांनी, पाठवलंही त्यांनीच. पण दहाव्या वर्षी लाकडानं मारल्याच्या, खुर्च्या-पुस्तकं अंगावर फेकल्याच्या आठवणी आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्याच नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आहेत. मग ते गुरूच्या रकान्यात की शत्रूच्या? मुली बहुधा एकीकडे, मुलगे दुसरीकडे, आणि मग एखादी मुलगी उठून विचारते, ‘दोन्हीत लिहिलं तर चालेल का?’ माझ्या मते कथालेखनाचा तास या प्रश्नापाशी सुरू होतो. एकच माणूस दोन रकान्यांत असू शकतो, हे ज्याला कळलं त्याच्या गोष्टीतला खलनायक पुन्हा पुठ्ठ्याचा होत नाही. आणि हे कळलं कशामुळे? रकाने होते म्हणून. तक्ताच नसता तर ‘गोपाळराव चांगले की वाईट’ एवढ्यावर चर्चा आटोपली असती.

शेवटचा रकाना: अमृत घेऊन परतणं. मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी ठरलेली. नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या त्या क्षयानं पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत. कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही. अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. म्हणजे परतीचाही प्रवास उलटाच.

आता या रकान्यात काय लिहायचं? वळूया पहिल्या तटाकडे, तक्तेवाल्यांकडे. कारण त्यांचं नेमकं इथेच चुकतं. त्यांना रकाना भरलेला हवा असतो. भरला की गुण, कोरा ठेवला की गुण कापले. मग मुलं दामटून भरतात: ‘अमृत – प्रेरणा.’ आनंदीबाईंच्या मृत्यूला ‘प्रेरणा’ हा शब्द चिकटवून मोकळं होणं यासारखी दुसरी बेइमानी मला ठाऊक नाही. पटकथा घ्यायची की नाही ते ठरवणाऱ्याला भरलेला रकाना सोयीचा, कारण त्याला तिकीटबारी सांभाळायची असते. मुलांच्या गोष्टीला कुठली आली आहे तिकीटबारी?

परतणं हा टप्पा शेवटच्या चिंचोळ्या रकान्यात कोंबण्याची सवयही या तक्त्यांनीच लावली. मूळ कथांचं माप घेऊन बघा. अमेरिकेतल्या शाळांतून नायकाचा प्रवास शिकवायला हमखास ‘ओडिसी’ घेतात. तिचे चोवीस सर्ग. ओडिसियस आपल्या इथाकाला पोचतो तेराव्यात. उरलेलं जवळपास अर्धं काव्य घरी पोचल्यानंतरचं आहे: ओळख लपवणं, कोण आपलं कोण परकं हे चाचपणं. महाभारताचंही तेच. अठरा पर्वांपैकी युद्ध आणि सौप्तिकातली रात्रीची कत्तल दहाव्यापर्यंत आटोपते. पुढे आठ पर्वं उरतात आणि सगळ्यांत मोठं शांतिपर्व त्यांतच येतं. जिंकलेल्या युधिष्ठिराला राज्य नको झालंय, तिथून ते सुरू होतं. ज्या वयात मुलांना जिंकणं म्हणजेच शेवट वाटतो, त्या वयात त्यांच्यापुढे हे ठेवायला नको का?

म्हणून आराखडा शिकवा, पण लिहून घेताना तो उलट्या बाजूनं धरा. मुलांना सांगा, लढाई झालेली आहे, ती लिहायची नाही. पोर कबड्डीचं राज्य अजिंक्यपद घेऊन घरी आलंय, किंवा हरून आलंय, किंवा महिनाभर पळून जाऊन परतलंय. दार कोण उघडतं? पहिलं वाक्य कोण बोलतं? घरातलं काय बदललंय आणि ते बदललंय हे त्याला कुणी सांगितलेलं नाही? एवढंच एक पान. ज्वालामुखीला यात वाव नाही, आणि नक्कल करायला सिनेमेही फारसे मिळत नाहीत, त्यामुळे पोरं नाइलाजानं स्वतःच्या घराकडे बघतात.

आनंदीबाईंच्या रकान्याबद्दलही घाई नको. हवं तर रखमाबाईंची हकीकत त्याच्या शेजारी ठेवा: नवऱ्यानं नांदायला येण्यासाठी लावलेला गाजलेला खटला, १८८९मध्ये विलायत, डॉक्टरकी आणि मग सुरतेत वर्षानुवर्षं प्रत्यक्ष रुग्णसेवा. एकीनं न आणता आलेलं दुसरीनं आणलं असं म्हणायचं, की या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि आपण उगाच गाठ मारतोय? माझं स्वतःचं मत दुसऱ्या बाजूचं आहे, पण वर्गात मी ते सांगत नाही.

‘यातलं परीक्षेला काय येणार आणि तपासायचं कसं’ हे मुख्याध्यापक विचारतातच, आणि त्यांनी विचारलंही पाहिजे. भरलेल्या रकान्यांना गुण देऊ नयेत. वाचलेल्या किंवा स्वतः लिहिलेल्या गोष्टीखाली एकच प्रश्न द्यावा: यातला कोणता रकाना रिकामा राहिला आणि का? उत्तर दोन ओळींचं असलं तरी चालेल. फक्त ‘का’चं उत्तर मुलाचं स्वतःचं हवं, शेजारच्या बाकावरचं आणि या बाकावरचं सारखं आलं, तर दोघांनाही शून्य.